घोड्याच्या नोकरीला बीडचं पोरगं निघालं तेव्हा

पंधरा दिवसांपूर्वी रात्री साडेनऊला केजहून बहिणीचा फोन आला. "दादा, ह्याला जरा समजावून सांग. पुण्याला रेसच्या घोड्यावर बसायला जायचं म्हणतंय." मागून दाजींचा आवाज, "जुगाराच्या अड्ड्यावर पाठवायला पोरगं वाढवलंय का?"

भाचा सतरा पूर्ण झालाय. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. पोलीस भरतीला १६५ लागते, त्यामुळे तो दरवाजा बंद. आई-बाप दरवर्षी दसरा झाला की कोयता घेऊन जातात. दोन हंगाम हाही सोबत गेला. एका हंगामात पुण्याजवळ फड होता आणि शेजारी घोड्यांचा फार्म. तारेच्या जाळीपलीकडं शिंगरं पळताना यानं पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात हेच. फार्मवरच्या कुणीतरी सांगितलं म्हणे, "तुझं वजन जॉकीचं आहे."

हे वाक्य ऐकून मला झोप लागली नाही. आपल्या लेकरांची वजनं भरत नाहीत म्हणून अंगणवाडीत नोंदी होतात, पोषण आहार येतो. आणि तेच न भरलेलं वजन एका धंद्यात पात्रता म्हणून मोजलं जातं!

दाजींना मी लगेच "व्हय" म्हणू शकलो नाही, आणि भाच्याला "नाय" पण नाही. कारण आमच्या घरात हा विषय नवा नाही. आणि बीड जिल्ह्यालाही नवा नाही. आज आपल्याकडं घोडा म्हणजे वरातीतला, नाहीतर जत्रेत लेकरं बसवायचा. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात घोडा ही नोकरी होती, पक्की पगाराची. ती गोष्ट आधी सांगतो.

अंबाजोगाईला निजामाच्या काळात मोमिनाबाद म्हणत, हे जुन्या माणसांना माहीत आहे. तिथं हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाच्या डोक्यावर. त्या खर्चापायीच १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर, बोलारम अशा ठिकाणी या फौजेच्या छावण्या होत्या, त्यातली एक आपली.

या घोडदळात भरती व्हायची पद्धत मजेशीर होती. शिलेदारी. म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन यायचं किंवा त्याची किंमत भरायची, मग तुम्हाला जागा मिळणार. घोडा हेच भांडवल आणि तोच तुमचा दाखला. ज्याच्याकडे घोडा नाही त्यानं दुसऱ्याच्या घोड्यावर बसायचं, तो बारगीर. हे शब्द इंग्रजांनी मराठ्यांच्या फौजेतून उचलले. मराठ्यांच्या सैन्यात शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, एवढाच हिशेब. आपल्या आष्टी-पाटोद्याच्या शिवेला लागून असलेल्या खर्ड्याला ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम भिडले, तेव्हा दोन्हीकडं हजारोंनी अशीच माणसं होती. त्यांच्यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? सरदारांची आहेत. घोड्यांना चंदी देणाऱ्यांची नाहीत.

१९०३ मध्ये काँटिंजंट मोडून ब्रिटिश हिंदी फौजेत मिसळलं. त्यातून पुढं 'डेक्कन हॉर्स' रेजिमेंट झाली, जी आज भारतीय सैन्यात रणगाडे चालवते. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ विसावी डेक्कन हॉर्स खरोखर भाले घेऊन घोड्यावरून चालून गेली होती, समोर मशीनगन असताना. मोमिनाबादच्या छावणीतली घोडी मात्र तोवर निघून गेली होती. मग १९४८ ला पोलीस ॲक्शन झालं, १९४९ ला जहागिऱ्या खालसा झाल्या. पायगा जहागीरदारांचं तर नावच पागेवरून पडलेलं. जहागीर गेली तशी पागा गेली. पागा गेली तसा मोतद्दार गेला, नालबंद गेला. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार अजून भरतो, पण नोकरी म्हणून घोडा मराठवाड्यातून उठला तो उठलाच.

तो मुंबई-पुण्यात राहिला, पण वेगळ्या रूपात. मुंबईत टर्फ क्लब १८०२ पासूनचा. पुण्याचं रेसकोर्स १८३० चं, लष्कराच्या जमिनीवर. महालक्ष्मीचं १८८३ चं. सुरुवातीला पळायचे ते बहुतेक अरबी घोडे. आखातातून गलबतानं मुंबईला यायचे, भेंडीबाजाराच्या तबेल्यात विकले जायचे. काही फौजेत, काही ट्रॅकवर. नंतर जमाना आला थरोब्रेडचा. ही जात इंग्लंडात तयार झाली, पण तिचं मूळ पूर्वेकडचं. जगात आज जेवढे थरोब्रेड पळतात त्या सगळ्यांची नरवंशावळ तीनच वळूंपर्यंत जाते: बायर्ली तुर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात त्यांची वंशावळीची वही छापली, आणि तेव्हापासून वहीत नाव नाही तर ट्रॅकवर पाय नाही. भारताची अशी वही ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटी पुण्यातच रेसकोर्सवर आहे. कृत्रिम रेतन या जातीत चालत नाही, घोडी वळूपुढं प्रत्यक्ष न्यावी लागते. अकरा महिन्यांनी शिंगरू होतं. आणि ते मार्चमध्ये जन्मो की एप्रिलमध्ये, आपल्याकडं त्याचं वय १ जानेवारीपासून धरतात. (आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, तसंच.)

या धंद्याला मराठी माणूस परका नाही. वरच्या टोकाला बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड. भारतीय डर्बी १९४३ साली पहिल्यांदा झाली, ती जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ही घोडी त्यांची. त्यांनी इंग्लंडात एक शिंगरू २८ हजार गिनींना घेतलं, नाव ठेवलं 'सयाजीराव', आणि त्यानं १९४७ ला तिथली सेंट लेजर शर्यत मारली. पुढच्याच वर्षी त्यांच्या 'माय बाबू'नं टू थाउजंड गिनीज जिंकली. इंग्रजी कागदांत सयाजीराव हे नाव आहे, पण घोड्याचं!

या सगळ्या घोड्यांवर बसणारे होते इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे गोरे जॉकी. प्रिन्सेस ब्यूटिफुलवर एडगर ब्रिट होता, ऑस्ट्रेलियाचा. देशी माणूस खाली, लगाम धरून. मग हळूहळू तबेल्यातली पोरं खोगिरावर चढली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावं त्यातली. आडनावं बघा. ही सातारा-पुणे-मुंबईकडची पोरं खोगिरावर पोचली, कारण तबेल्यात आधीच कुणीतरी ओळखीचं होतं. बापाचा नाहीतर चुलत्याचा हात धरून आत शिरायचं, आधी लीद उचलायची, मग खरारा, मग पहाटे घोडा फिरवायचा, आणि एखाद्या ट्रेनरच्या नजरेत पोराची मांड बसली तर पुढचं. शिलेदारीत भांडवल घोडा होता, इथं भांडवल ओळख.

आमच्या चुलत्याकडे ती ओळख नव्हती. आण्णा १९७२ च्या दुष्काळात मुंबईला गेले. बीडमधून तेव्हा कोण नाही गेलं? खडी फोडायला, गिरणीत, बंदरावर. आण्णा महालक्ष्मीच्या बाजूला एका तबेल्यात सईस म्हणून लागले. गावाकडं बैल सांभाळलेला माणूस, जनावराची भीती नाही, एवढीच लायकी. दहा-बारा वर्षं काढली. लहानपणी मी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं मला अजून पाठ आहे.

पहाटे चारला उठायचं. घोड्याचे पाय हातानं चाचपायचे, कुठं गरम लागतंय का. खूर कोरून साफ करायचे. मग रायडिंग बॉय येऊन त्याला ट्रॅकवर नेणार, ऊन चढायच्या आत मेहनत उरकणार. परत आला की घाम पुसून, चालवून थंड करायचा. खरारा एवढा करायचा की अंगात आपलं तोंड दिसावं. ओट, चणे, गाजर आणि हिरवा लसूणघास. आण्णा म्हणायचे, "आपल्या घरी ज्वारी मोजून, आन् तिथं घोड्याला गाजरं मोजून. पर घोड्याची मापं मोठी." एकेका सईसाकडं एक-दोन घोडे. झोपायचं तबेल्याच्या वरच्या नाहीतर बाजूच्या खोलीत. रेस जिंकली की फोटो निघतो, एका बाजूला सुटातला मालक लगामाला हात लावून, दुसऱ्या बाजूला सईस. असा एक फोटो आण्णांच्या पेटीत होता. त्याच्यात आण्णांचा अर्धा खांदा आणि एक कान आला होता.

त्यांच्या घोड्याचा हंगाम आणि आपल्या उसाचा हंगाम जवळजवळ एकच, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. मुंबईच्या शर्यती नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याच्या जुलै ते ऑक्टोबर. पाऊस आला की घोडे पुण्याला, थंडी आली की परत मुंबईला, आणि त्यांच्यामागं सईसांची बिऱ्हाडं. आमच्या घरातले बाकीचे दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याकडं निघायचे, आण्णा घोड्यासोबत. स्थलांतर कुणालाच चुकलं नाही.

मग एका सकाळी बुजलेल्या घोड्यानं लाथ मारली. गुडघ्याखाली हाड मोडलं. प्लास्टर झालं, महिनाभर ट्रेनरनं पैसे दिले आणि नंतर दुसरा सईस ठेवला. कुठल्या कागदावर आण्णांचं नाव नव्हतं. ना हजेरी, ना फंड, ना विमा. त्या ट्रेनरचं नाव मी इथं घेणार नाही, आता ते हयात नाहीत, आणि त्या काळात असं करणारे ते एकटे नव्हते. आण्णा लंगडत गावी आले. तरी मरेपर्यंत त्या घोड्यावर त्यांचा राग नव्हता. "जनावर बुजलं, त्याची काय चूक," एवढंच म्हणायचे. मला मात्र घोड्यापेक्षा त्या कोऱ्या कागदाचा राग आजही येतो.

म्हणून दाजींचा "जुगार" हा मुद्दा मला दुय्यम वाटतो. अड्ड्यावर पैसे लावणारा वेगळा आणि घोडा सांभाळणारा वेगळा. कायद्यानंही हा प्रश्न मिटवलाय. मुंबई इलाख्याचा रेसकोर्स परवान्याचा कायदा १९१२ चा आहे, आणि १९९६ साली सुप्रीम कोर्टानं के. आर. लक्ष्मणन खटल्यात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "कोर्टाला माझा मेव्हणा म्हाईत नाय, त्यानं मटक्यात बैल घालवला." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. (तो मेव्हणा मी नव्हे, दुसरा.)

खरा प्रश्न असा आहे की धंदा टिकणार का, आणि टिकला तर आत जाणाऱ्याचं नाव कागदावर येणार का. रेसवरच्या पैजेवर जीएसटी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. सरकारला वाटतं जुगार कमी होईल. मला वाटतं अधिकृत खिडकीवरचा माणूस उठून चोरून पैसे घेणाऱ्याकडं जाईल, क्लबाचं उत्पन्न घटेल, बक्षिसाच्या रकमा घटतील आणि त्याची झळ शेवटी सईसाला लागेल. तिकडं महालक्ष्मीच्या २११ एकरांचा भाडेकरार २०१३ ला संपला होता. दहा वर्षांच्या घोळानंतर १२० एकर बागेसाठी महापालिकेकडं आणि ९१ एकर क्लबाकडं, असं ठरलं. बागेवर पानंच्या पानं छापून आली. तिथं पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचं काय, याच्यावर मी चार ओळीही वाचल्या नाहीत.

हेही खरं की आण्णांच्या काळासारखं आता सगळं ओळखीवर नाही. टर्फ क्लब शिकाऊ जॉकींना रीतसर शिकवतात, परवाना देतात. शिकाऊ पोराला शर्यतीत वजनाची सवलत मिळते, म्हणजे त्याच्या घोड्यानं कमी ओझं घेऊन पळायचं. जशा शर्यती जिंकत जाईल तशी ती सवलत कमी होते. जिंकलेल्या बक्षिसात ट्रेनरचा, जॉकीचा ठरलेला टक्का असतो. चेन्नईच्या रूपा सिंग यांनी तर बाईमाणसाला जमतं हेही दाखवून दिलं. पण धोका तोच आहे. कार्ल उमरीगर हा मुंबईचा हुन्नरी पोरगा, १९७९ मध्ये महालक्ष्मीच्या ट्रॅकवर पडला आणि ऐन उमेदीत गेला. आणि जे पडत नाहीत त्यांचं आयुष्य काट्यावर जातं, वजनकाट्यावर. सतरा वर्षांचं पोरगं अजून वाढणार. पोट भरून जेवलं, सहा-सात किलो वाढलं, तर तोच दरवाजा तोंडावर बंद. मग काय? हा प्रश्न भाच्याला त्या फार्मवरच्या माणसानं सांगितला नव्हता.

तो मी त्याला विचारला. गेल्या रविवारी केजला गेलो, अंगणात बसवलं. म्हणलं, जॉकी होशील नाहीतर नाही, पण घोड्याच्या धंद्यात अजून किती कामं आहेत बघ. नाल मारणारा लागतो. नालबंद चुकला तर लाखांचा घोडा लंगडा होतो, आणि चांगले नालबंद कमी आहेत. स्टड फार्मवर घोडी व्यायला लागली की रात्रभर जागणारा माणूस लागतो, तुझ्या आजीनं म्हशींचं हेच केलं. जनावरांचा डॉक्टर लागतो. मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ चं आहे, पण तेवढं लांब कशाला, आपल्या परभणीला आणि उदगीरला कॉलेज आहे. नीटचे मार्क लागतात, अवघड आहे, तू बारावीला सायन्स घेतलंयस म्हणून सांगतो.

मग त्याला पुनावालांची गोष्ट सांगितली. पुण्यात १९४६ ला त्यांचा स्टड फार्म सुरू झाला. रेसमधून निवृत्त झालेले घोडे ते मुंबईच्या हाफकिन संस्थेला द्यायचे, तिथं घोड्याच्या रक्तातून औषधी सिरम काढत. सायरस पुनावालांच्या मनात आलं, घोडे आपले, तर सिरम आपणच का करू नये? १९६६ ला सिरम इन्स्टिट्यूट निघाली. करोनात आपण सगळ्यांनी दंडात टोचून घेतलेली कोविशिल्ड तिथलीच. सर्पदंशाची लसही अशीच, घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून काढतात. हे ऐकून इतका वेळ गप्प बसलेली बहीण एकदम बोलली. दोन वर्षांपूर्वी फडात तिच्या जोडीदारणीला घोणस चावली होती, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या लावून ती वाचली. "ते घोड्याचं रगत व्हतं?" असं तिनं दोनदा विचारलं.

दाजी तरी हलले नाहीत. पण तासाभरानं म्हणाले, "बारावीचा पेपर देऊ दे. मग म्या सवता जाऊन बघतो, तबेला कसा आहे ते."

मी भाच्याला एक यादी लिहून दिलीय, बापासोबत जाशील तेव्हा विचारायची. लेखी करार देणार का आणि त्याच्यावर कुणाची सही. पगार बँकेत का हातात. फंड आणि ईएसआय कापतात का. पडलो, लाथ बसली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार आणि बरा होईपर्यंत पगार चालू राहणार का. वजन वाढलं तर कुठल्या कामावर घेणार. आणि चौदा वर्षांखालची पोरं तिथं कामावर दिसली, तर एक शब्द न बोलता परत यायचं. कायद्यानं ती तिथं नसायला पाहिजेत. आणि जिथं ती आहेत, तिथं बाकीचे कायदेही नसणार.

आपल्या भागातलं कुणी पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा बंगळुरूच्या तबेल्यात, स्टड फार्मवर काम करत असेल किंवा करून आलं असेल, तर कमेंटमध्ये नाव-नंबर टाकू नका, मला मेसेज करा. आमच्या पोराला तिथं ओळखीचं कुणी नाही. बीडहून नगरला आता रेल्वे सुरू झालीय, पुढं पुण्याला जाता येतं. दाजी म्हणतात, परीक्षा झाली की पहिल्यांदा रेल्वेतच बसायचं.